प्रोग्रामिंगच्या पहिल्या वर्षाला क्लास-ऑब्जेक्ट (डेटा आणि त्यावरची कामं एकत्र बांधायची पद्धत) शिकवणं बंद करावं का?

कंसप्रेमी: स्पष्टच बोलतो. नवख्या पोरांकडून ‘कुत्रा हा प्राणी आहे’ छाप इनहेरिटन्स (एका क्लासने दुसऱ्याचे गुण घेणं) घोकून घेणं थांबवा. आधी फंक्शन शिकवा: तेच इनपुट, तेच उत्तर. लिस्प भाषेत हे १९५८ पासून आहे, जावात लॅम्डा, म्हणजे बिननावाचं फंक्शन, यायला २०१४ उजाडलं. ऑब्जेक्टच्या पोटात बदलता डेटा दडवायचा आणि दोन थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी) त्याला एकदम हात घातला की लॉक लावत बसायचं, हा उद्योग सांगितलाय कोणी?

जावाकाका: जुनी म्हणून थोर असेल तर फोरट्रान १९५७ ची आहे, तीच शिकवा की! ऑस्लोत डाल आणि नीगार्ड यांनी क्लास-ऑब्जेक्टची सुरुवात करणारी सिम्युला भाषा केली ती सिम्युलेशनसाठी, म्हणजे खऱ्या घडामोडींची नक्कल चालवायला. तिथे प्रत्येक वस्तूची स्थिती बदलतेच. तुमच्या शुद्ध फंक्शनांनाही शेवटी डेटाबेसात लिहावंच लागतं ना? मग मोनाडचा (शुद्ध फंक्शनांत असली कामं गुंफायच्या युक्तीचा) द्राविडी प्राणायाम कशाला?

मधली आळी: भाषेचं वय सोडा, पेमेंटचा कोड घ्या. रोख, कार्ड, यूपीआय हे प्रकार. पावती, परतावा ही कामं. क्लास पद्धतीत उद्या वॉलेट आलं तर एक नवा क्लास लिहिला की झालं. पण करमोजणीचं नवं काम आलं की प्रत्येक क्लास उघडा. हास्केल या फंक्शनवाल्या भाषेच्या धाटणीत नेमकं उलटं: नवं काम म्हणजे एकच फंक्शन, पण नवा प्रकार आला की सगळी फंक्शनं दुरुस्त करा. हास्केल घडवणाऱ्यांपैकी एक फिलिप वाडलर यांनी १९९८ मध्ये याला ‘एक्स्प्रेशन प्रॉब्लेम’ म्हटलं. तेव्हा तुमच्याकडे वाढतं काय, प्रकार की कामं, ते आधी सांगा.

कंसप्रेमी: मान्य. पण कुठलं फंक्शन अपुरं राहिलं ते हास्केलचा कंपायलर (कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) दाखवतो. वॉर्निंग चालू ठेवा फक्त.

जावाकाका: अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड (प्रत्येक क्लासने भरायलाच हवं असं काम) वाढवली तर आमचाही ओरडतो, तोही थेट एरर देऊन. सील्ड इंटरफेसवरचा (ठरावीक प्रकारांच्या यादीवरचा) स्विच एखादा प्रकार विसरून अपुरा राहिला तर जावा २१ तेही पकडतं. आणि एमआयटीनेसुद्धा स्कीम या लिस्पच्या बोलीतला पहिला कोर्स बंद करून पायथन घेतलीच की.

कंसप्रेमी: घेतली, पण त्याआधी दोन दशकांहून जास्त काळ स्कीमच होती. त्या कोर्सात ऑब्जेक्ट हवा तर पोरं तो फंक्शनांतून स्वतः बांधायची. तसा एकदा बांधून घ्या, मग खुशाल जावा द्या.

जावाकाका: दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये? आणि जर्नल कोण लिहिणार, तुम्ही?