मदत हवी आहे: स्टेटचार्टमधल्या प्रत्येक अवस्थेला वेगळा टास्क करायचा का?

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या कारखान्यासाठी हायड्रॉलिक प्रेसचा कंट्रोलर करतोय. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर, त्यावर फ्रीआरटीओएस, म्हणजे अनेक टास्क (स्वतंत्र चालणारी कामं) प्रायॉरिटीनुसार चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम.

प्रेस चालवणारे काका खानापूरहून येतात. त्यांना मशीनपाशी विचारत विचारत स्टेटचार्ट (मशीनच्या अवस्था चौकटींनी आणि त्यांतले बदल बाणांनी दाखवणारं चित्र) काढला: थांबला, खाली येतोय, दाब धरलाय, वर जातोय. या चारही अवस्थांभोवती एक मोठी चौकट आणि तिच्यातून ‘आणीबाणी’कडे एकच बाण. काकांनी बघताक्षणी चूक दाखवली: "लाईट जाऊन आली की हा आपोआप हलता कामा नये, डायमध्ये हात असतो."

काकांना कळलेलं ते चित्र कोडमध्ये मात्र कुठेच दिसत नाही. प्रत्येक अवस्थेला मी एक टास्क केला, त्यामुळे आणीबाणीचा तो एक बाण चार ठिकाणी लिहावा लागला.

त्याहून मोठं दुखणं: दाब दर १० मिलिसेकंदांनी वाचायचाय, पण ऑसिलोस्कोपवर मधूनच ६०-७० दिसतात. तेवढ्यात गेजचा काटा १६० बारवरून १७५ वर जातो. दाबाचा एडीसी (सेन्सरचा सिग्नल आकड्यात बदलणारी चिप) आणि डिस्प्ले एकाच आयटूसीवर (दोन तारांच्या सामाईक जोडणीवर) आहेत, एका वेळी एकानेच ती वापरावी म्हणून राखणीला बायनरी सेमाफोर. नोंदी लिहिणारा मधल्या प्रायॉरिटीचा टास्क बंद केला की त्रास जवळजवळ थांबतो. असं का?

प्रतिसाद

काट्याचं आधी. कमी प्रायॉरिटीचा डिस्प्लेचा टास्क सेमाफोर धरून बसतो, वरच्या प्रायॉरिटीचा दाबाचा टास्क त्याची वाट बघतो, आणि नोंदींचा टास्क मध्ये घुसून डिस्प्लेलाच चालू देत नाही. १९९७ साली मंगळावर नासाचं पाथफाइंडर यान याच कारणाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. फ्रीआरटीओएसच्या बायनरी सेमाफोरला प्रायॉरिटी इन्हेरिटन्स (वाट बघणाऱ्याची वरची प्रायॉरिटी धरून बसलेल्याला तात्पुरती मिळणं) नसतो, म्युटेक्स या राखणीच्याच दुसऱ्या प्रकाराला असतो. तो वापरा. तरीही डिस्प्लेचं चालू काम संपेपर्यंत थांबावंच लागेल, म्हणून अक्षरं थोडी थोडी पाठवा.

अवस्था म्हणजे टास्क नव्हे. टास्क वेळेच्या गरजेवरून पाडायचे. सगळ्या चार्टला एक टास्क, एक क्यू (घटनांची रांग). हातातली घटना पुरती निस्तरल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. आतल्या अवस्थेच्या फंक्शनने न घेतलेली घटना बाहेरच्या चौकटीच्या फंक्शनकडे जाऊ द्या. आणीबाणी तिथे एकदाच लिहिली जाईल. आणि लाल बटणाने व्हॉल्व्हचा सप्लाय थेट वायरिंगमधूनच तुटला पाहिजे, कोडच्या भरवशावर अजिबात ठेवू नका.

धागाकर्ता

म्युटेक्स लावला, अक्षरं चार-चार पाठवतोय. स्कोपवर आता १० ते १२. रीसेटनंतरची पहिली अवस्था ‘थांबला’, दोन्ही हातांची बटणं दाबल्याशिवाय तिथून हलायचं नाही. लाल बटणाचं वायरिंग उद्या काकांसमोरच बदलतो.