एसडीआर आलं म्हणून अ‍ॅनालॉग संपलं? अजिबात नाही

काही जण म्हणतात की एसडीआर (बरंचसं काम सॉफ्टवेअरमध्ये करणारा रेडिओ) आलं, आता आरएफमधलं (रेडिओ सिग्नलच्या सर्किटमधलं) अ‍ॅनालॉग शिकायची गरज नाही, सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं. नाही पटलं. तो स्वस्तातला आरटीएल-एसडीआर डोंगलच (यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर) घ्या ना, एडीसी (अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप) 8 बिटचा, म्हणजे कागदावरसुद्धा डायनॅमिक रेंज (एकाच वेळी झेपणाऱ्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक सिग्नलमधलं अंतर) जेमतेम 50 डीबी, आणि तुम्ही ऐकताय 118 मेगाहर्ट्झच्या वरचा एअरबँड (विमानांचं बोलणं) आणि खाली 88 ते 108 मध्ये गावातलं एफएम स्टेशन दणदणीत वाजतंय, मग ट्यूनरच ओव्हरलोड होतो आणि जे सिग्नल नाहीतच ते स्क्रीनवर दिसायला लागतात. तिथे एकदा वाट लागली की पुढे कितीही भारी डीएसपी (सॉफ्टवेअरमधली सिग्नल प्रक्रिया) लावा, काही उपयोग नाही. अँटेना आणि डोंगलच्या मधे एफएम बँडस्टॉप फिल्टर (फक्त एफएमचा पट्टा अडवणारा) लावून बघा.

आणि उलटा त्रासही आहेच, डिजिटलचा कचरा अ‍ॅनालॉगमध्ये घुसतो. डोंगलचा क्लॉक 28.8 मेगाहर्ट्झ, त्याचा पाचवा हार्मोनिक (पाचपट फ्रिक्वेन्सी) बरोब्बर 144 वर, म्हणजे हॅमच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या) 2 मीटर बँडच्या तोंडावरच! म्हणून स्वतःचा बोर्ड करणार असाल तर क्लॉकची ट्रेस (बोर्डवरची तांब्याची रेघ) आरएफ इनपुटपासून लांब, ग्राउंड प्लेन (ग्राउंडचा तांब्याचा थर) सलग, आणि एडीसीचा सप्लाय वेगळा फिल्टर करून द्या.