भोसरीत गाळ्याचा पत्रा उचकटून चोरी झाली, आता आधी काय करू?

रिवाइंडिंगवाला:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझा मोटर रिवाइंडिंगचा (जळक्या मोटरीत नवी तांब्याची तार भरायचा) छोटा गाळा आहे, भाड्याचा. गेल्या गुरुवारी रात्री चोरी झाली (आमच्याकडं सुट्टी गुरुवारी असते). शटरला दोन्ही बाजूंनी कुलपं, मधे सेंटर लॉक, सगळं जसंच्या तसं, शुक्रवारी सकाळी शटर वर केलं तर आत मधोमध ऊन पडलेलं, वर बघतो तर पत्रा सरकवलेला. नव्या कॉपरची ६ रिळं गेली, जळक्या मोटरींतून काढलेली जुनी तार दोन गोण्या होती ती गेली, आणि जाताना डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) पण नेला, म्हणजे चार कॅमेरे असून उपयोग शून्य. तक्रार दिलीये. आता मेव्हणा म्हणतो वॉचमन ठेव, शेजारचे म्हणतात आठ कॅमेरे लाव, बायको म्हणते तांब्याचा धंदाच सोड (हे ती चोरीच्या आधीपासून म्हणतेय). बजेट ४०-५० हजार. आधी कशावर घालू?

वेल्डिंगवाला_चाकण:
दादा आधी वर बघा. पत्रा धरणाऱ्या ‘J’ आकाराच्या हुक बोल्टचे नट पत्र्याच्या वरच्या बाजूला असतात, एकदा माणूस वर चढला की साध्या पान्यानं पाच मिनिटात पत्रा मोकळा, आवाज पण नाय. शटरला कितीपण कुलपं लावा त्याला काय फरक पडतो. पत्र्याच्या खाली, अँगलला वेल्डमेश जाळी मारून घ्या, जाळी पत्र्यावरून मारू नका ती पण तशीच निघते. पूर्ण छताला बजेट पुरलं नाही तर निदान तार ठेवता तिथं एका कोपऱ्यात जाळीचा पिंजरा करा, त्याला वेगळं कुलूप. आणि मागं जाऊन बघा तो वर चढला कुठून, पाण्याचा पाइप, शेजारच्याची भिंत, झाड, काहीतरी असणारच. मालकाला विचारल्याशिवाय वेल्डिंग करू नका, नंतर डिपॉझिटवरून कटकट होते.

कॅमेरा_फिटर:
आठ कॅमेरे कशाला, आहेत तेच नीट लावा. लोक कॅमेरा १५ फुटावर लावतात आणि मग फूटेजमधे फक्त टोपी दिसते. एक तरी आत येण्याच्या वाटेवर ७-८ फुटावर पाहिजे, चेहरा येईल असा. डीव्हीआर टेबलावर ठेवू नका, पोटमाळ्यावर लोखंडी पेटीत टाका, हवेला भोकं ठेवून, आणि टेबलावर जुना बंद पडलेला डीव्हीआर तसाच दिसत ठेवा, तो घेऊन जाऊ दे बिचारा. मीटरची पेटी बाहेर असेल तर पहिलं काम ते लाइट पाडायचं करतात, त्यामुळे डीव्हीआर आणि राउटर दोन्हीला छोटा यूपीएस. हार्ड डिस्कचं गणित सांगतो, २ एमबीपीएसला (सेकंदाला २ मेगाबिट रेकॉर्डिंग) एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ जीबी खातो, चार कॅमेरे म्हणजे १ टीबीत ११-१२ दिवस.
मोबाइलवर येणाऱ्या मोशन अलर्टवर जाऊ नका, रात्री लेन्सपुढं कोळी जाळं करतो आणि तुम्ही अलर्ट म्यूट करून झोपता. त्यापेक्षा आत छताकडं तोंड करून पीआयआर सेन्सर (अंगाच्या उष्णतेवरून माणसाची हालचाल ओळखणारा), सिमकार्डवाला, फोन लागतो आणि हूटर वाजतो.

जुना_कारागीर:
मी ३० वर्षं हेच काम करतोय. चोराला अंधारात गोण्या बरोबर सापडल्या म्हणजे कुठं ठेवता ते कुणाला तरी माहीत होतं. कुणाचं नाव घेत नाही पण भंगारवाला तार गाळ्यात येऊन तोलतो का तुमच्याकडं? आम्ही स्वतः नेऊन घालतो, आठवड्याच्या आत, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी गाळ्यात नवं रीळ ठेवत नाही. याला खर्च काहीच नाही. वॉचमन एकट्यानं परवडत नाही, ओळीतल्या सात-आठ गाळ्यांनी मिळून ठेवा, आणि एजन्सीकडं खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखालचं लायसन मागा, नाहीतर कुणीतरी गावाकडचा पोरगा खुर्चीत झोपलेला असतो.

विमा_काका:
पॉलिसी आहे का? असेल तर पत्रा बसवायच्या आधी फोटो काढलेत ना, कारण बर्गलरीत (घरफोडीच्या विम्यात) जबरदस्तीनं आत शिरल्याची खूण लागते. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, घेऊन ठेवा. माल १० लाखाचा आणि विमा ५ लाखाचा असेल तर नुकसान पण साधारण निम्मंच धरतात, चोरी कितीचीही असो. आणि तुमच्या धंद्यात सगळे विसरतात ती गोष्ट, गिऱ्हाइकाच्या मोटरी. तो तुमचा स्टॉक नाही, ताब्यात ठेवलेला दुसऱ्याचा माल म्हणून पॉलिसीत वेगळं लिहून घ्यावं लागतं.

रिवाइंडिंगवाला:
सगळ्यांना धन्यवाद. फोटो आहेत. काका, पॉलिसी काढून बघितली, गिऱ्हाइकाच्या मालाचं कुठंच काही नाही, आणि त्या दोन गोण्यांतली निम्मी तार गिऱ्हाइकाची होती, आता त्यांना काय सांगू देव जाणे. कारागीर दादा, बरोबर पकडलंत, भंगारवाला बुधवारीच येऊन काटा लावून भाव सांगून गेला होता, भाव पटला नाही म्हणून मी दिली नाही. पोलिसांना तेवढं सांगून आलो. मालक जाळीला हो म्हणालाय. चाकणवाले, कुठल्या गेजची घेऊ?

वेल्डिंगवाला_चाकण:
१० गेज, दोन बाय दोन इंचाची. आणि वेल्डिंगवाला यायच्या आधी वार्निश आणि थिनरचे डबे गाळ्याबाहेर काढा.