आयव्हीएफ आणि गुठळ्या: नुसते पाय बघू नका

एका ताईंनी लिहिलंय की आयव्हीएफने (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराने) रक्ताच्या गुठळ्या होतात, तेव्हा त्या वाटेला जाऊच नये. धोका खरा आहे, पण किती ते बघा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात आयव्हीएफच्या गरोदरपणात हजारात ४.२ जणींना गुठळी झाली, एरवीच्या गरोदरपणात २.५ जणींना. पहिल्या तीन महिन्यांत मात्र १.५ विरुद्ध ०.३. पाचपट ऐकून धडकी भरते खरी, पण म्हणजे हजारात दीड!

खरी काळजी आहे ती उपचारात अंडी वाढवण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनांनी अंडाशय जास्तच फुगतात तेव्हा (ओएचएसएस). रक्तातलं पाणी पोटात झिरपतं, रक्त दाट होतं, त्यात इस्ट्रोजेन हे हार्मोन चढलेलं. आणि यात गुठळी पायातच होईल असं नाही, मानेच्या किंवा हाताच्या शिरेतही होते. त्यामुळे मान एका बाजूने दुखली-सुजली तर 'उशी बदलते' म्हणून बसू नका, त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागला, छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी.

पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा अंडाशयाचा त्रास) असेल तर ओएचएसएसची शक्यता जास्त. अशा वेळी सगळे भ्रूण गोठवून पुढच्या एखाद्या महिन्यात गर्भाशयात ट्रान्सफर करता येतं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आई किंवा बहिणीला कधी गुठळी झाली असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा, कुणी विचारायची वाट न बघता. हेपरिनची (गुठळी होऊ नये म्हणून देतात ती) इंजेक्शनं सरसकट सगळ्यांना देत नाहीत, मैत्रिणीला दिली म्हणून मागू नका.