साडेतीन वर्षांच्या मुलीला रोज शेतात नेतो; तिथे तिच्यासोबत नेमके काय करावे?

प्रश्न – काळीमाती

नमस्कार. आमचे गाव मंगळवेढा तालुक्यात आहे. बारा वर्षे पुण्यात नोकरी केल्यानंतर यंदा घरून काम करण्याची मुभा मिळाली, म्हणून दिवाळीनंतर पत्नी आणि साडेतीन वर्षांच्या मुलीसह वर्षभरासाठी गावी राहायला आलो आहे. चार एकर काळ्या रानात मालदांडी ज्वारी आहे, हुरड्यासाठी एका कोपऱ्यात थोडी गुळभेंडी ज्वारी आहे आणि जनावरे आत शिरू नयेत म्हणून कडेने काटेरी करडई लावली आहे. शेती वडील पाहतात. माझे काम दुपारी चारला संपते आणि त्यानंतर दिवस मावळेपर्यंत आम्ही बापलेक रानात असतो.

पहिले पंधरा दिवस मी तिला सगळे दाखवण्याचा प्रयत्न केला. हे कणीस, ही करडई, तारेवर बसला आहे तो कोतवाल, असे मी सांगत राहिलो. पण तिचे लक्ष त्यात नसते. ती एका जागी बसून ढेकळे फोडते, माती बोटांतून खाली सोडते आणि पुन्हा दुसरे ढेकूळ घेते. अर्धा-अर्धा तास हेच चालते. शेतात आणूनही तिला मी काहीच देत नाही, अशी रुखरुख मला लागून राहते.

दुसरी गोष्ट भीतीची. मी तिसरीत असताना आमच्या वर्गातला एक मुलगा कडब्याच्या बुचाडाजवळ (रचलेल्या ढिगाजवळ) साप चावून दगावला. ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. शेजारच्या रानात आता प्लास्टिकचे शेततळे झाले आहे, आमची जुनी विहीर आहे, शिवाय विंचवांचे भय आहेच. वडील म्हणतात, "तुम्ही सगळे असेच वाढलात." त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण मला सतत तिचा हात धरून ठेवावासा वाटतो.

या वयाच्या मुलीला शेतात खरोखर काय करू द्यावे आणि कोणत्या बाबतीत मुळीच सवलत देऊ नये, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर – बांधावरची

दादा, मी धाराशिव जिल्ह्यात शेती करते. माझी दोन्ही मुले रांगायची तेव्हापासून माझ्यासोबत रानात आहेत, म्हणून लिहिते आहे.

तुमची मुलगी ढेकळे फोडते आहे, म्हणजे ती काहीच करत नाही असे कृपा करून समजू नका. पेरणीआधी तुमचे वडील काय करतात ते आठवून पाहा. तेही मूठभर माती उचलतात, दाबतात आणि ती कशी फुटते ते बघतात. गोळा चिकटून राहिला तर रान ओले आहे, अलगद सुटला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला आहे. तुमच्या मुलीचे हात तीच माती ओळखायला शिकत आहेत. एकदा आजोबांना तिच्या शेजारी बसवा आणि त्यांनाही एक ढेकूळ फोडायला सांगा. मग तिला पाटाच्या पाण्याजवळची ओली माती द्या, बांधावरची कोरडी द्या आणि फरक तिचा तिलाच कळू द्या. तुम्ही मध्ये बोलला नाहीत तरी चालेल.

राहिले कामाचे. लहान मुलांना खोटे काम लगेच ओळखू येते, म्हणून काम खरे द्यावे. तुमची ज्वारी दिवाळीच्या आधीची असेल, तर आता लवकरच ती चिकात येईल, म्हणजे दाण्यांत दूध भरेल, आणि चिमण्यांचे थवेच्या थवे उतरू लागतील. त्या वेळी पाखरे राखणे हे साडेतीन वर्षांच्या मुलीला शंभर टक्के जमणारे काम आहे. जुना पत्र्याचा डबा आणि एक काठी तिच्या हाती द्या आणि बांधावरून तिच्यासोबत हाकारे देत चाला. आपण डबा वाजवला आणि थवा उठला, हे ती स्वतः बघेल आणि घरी गेल्यावर आजीला सांगेल. गोफण मात्र इतक्यात नको.

तिच्यासाठी दोन हात लांब आणि दोन हात रुंद एवढा एक वाफा वेगळा करा आणि त्यात मेथी टाका. मेथीच का, तर ती तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात भाजीला होते. कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस घेते आणि तेवढा धीर या वयाला नसतो. पाणी घालायला लहान तांब्या द्या. खुरपे मी माझ्या मुलांना सहाव्या वर्षानंतर दिले, तोवर हाताने गवत उपटणे पुरेसे असते.

आणखी एक सांगते. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. सगळे घर रानात जाते, कडब्याच्या कोपीत (खोपटात) पांडवांची पूजा होते, भज्जी आणि आंबील तिथेच बसून खातात. तुमच्या भागात ती चाल असेल तर मुलीला आदल्या दिवसापासूनच त्यात घ्या. पेंढ्या ओढत नेणे, दगड निवडून आणणे, पाणी शिंपडणे, असली कितीतरी कामे तिच्या हातांना पुरतील.

उत्तर – रुग्णसेवा

मी अठरा वर्षे ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. वरील ताईंनी कामाचे फार चांगले सांगितले आहे, म्हणून मी केवळ धोक्यांविषयी लिहिते.

तुम्ही सापाचे नाव आधी घेतले आहे. मी शेततळ्याचे घेईन. मातीच्या तळ्याच्या काठाला धरायला काहीतरी मिळते, पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याच्या उतारावर ओल आणि शेवाळ यांमुळे पाय मुळीच ठरत नाही. पोहता येणारा मोठा माणूसही त्यातून वर येऊ शकत नाही, आणि मुलाला वाचवायला उतरलेले आई-वडील त्यातच गेल्याचे प्रसंग आपल्या राज्यात वारंवार घडले आहेत. सर्वसाधारण शेततळे ३ मीटर खोल असते. तेव्हा वडिलांना सोबत घेऊन शेजाऱ्यांकडे जा, चारही बाजूंनी जाळीचे कुंपण करण्याची विनंती करा, गरज पडल्यास खर्चाचा वाटा उचला आणि काठावरच्या खांबांना बांधलेले, पाण्यापर्यंत पोहोचणारे जाड दोर व हवा भरलेली ट्यूब कायम तिथे राहील असे बघा. विहिरीलाही कठडा किंवा जाळी हवीच. पाण्याजवळ मूल हाताच्या अंतरावर असावे, हा नियम आजोबा-आजींनाही लागू आहे.

सापांविषयी. आपल्याकडे माणसांच्या मृत्यूला प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप कारणीभूत ठरतात. उंदीर जिथे, तिथे साप. म्हणून कडब्याची बुचाडे, सरपणाचा ढीग आणि दगडांची रास या तीन ठिकाणी मुलीला खेळू देऊ नका. पायात घोट्यापर्यंतचे बूट असावेत आणि अंधार पडण्याच्या आत परतावे. दुर्दैवाने दंश झालाच, तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. हातापायाची हालचाल थांबवा, मुलीला उचलून घ्या आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचे औषध, कोणत्या जवळच्या सरकारी रुग्णालयात मिळते, हे आजच चौकशी करून ठेवा. त्या घाईत शोधत बसण्याची वेळ येऊ नये. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही आणि सूजही येत नाही, म्हणून "काही झालेले दिसत नाही" असे म्हणून घरी थांबू नये.

तांबड्या विंचवाचा दंश मोठ्यांपेक्षा लहान मुलांना जास्त घातक ठरतो. दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर एक मिनिटही दवडू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे दाखवून दिल्यापासून कितीतरी मुले वाचली आहेत; पण मूल वेळेत पोहोचले तरच त्याचा लाभ मिळतो.

फवारणीच्या दिवशी मुलीला रानात आणूच नका, आणि पुढचे काही दिवस त्या पट्ट्यात जाऊ देऊ नका. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा असला तरी ते विषच आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, ते सगळे मोठे आणि धडधाकट होते. मुलांच्या शरीराचा तर विचारही करवत नाही. रिकाम्या डब्यात पाणी ठेवण्याची सवय घरात कोणाला असेल तर ती आधी मोडा.

हुरडा येतो आहे म्हणून दोन गोष्टी. हुरडा भाजायची आगटी विझल्यासारखी दिसते, पण राखेखाली निखारा तासन्‌तास जिवंत असतो आणि अनवाणी मूल सरळ त्यावर पाय ठेवते. अशी भाजलेली मुले आमच्याकडे दर हिवाळ्यात येतात. पार्टी संपली की पाणी ओतून आगटी पूर्ण विझवा. तसेच अख्खे शेंगदाणे आणि हरभऱ्याचे दाणे पळता-खेळताना तिला देऊ नका. ते श्वासनलिकेत अडकतात. हुरडा मात्र मऊ असतो, तो मांडीवर बसवून भरवावा.

उत्तर – निवृत्त शिक्षक

रुग्णसेवाताईंचे प्रत्येक वाक्य मुद्रित करून घरात लावावे असे आहे. मेथीच्या वाफ्याबाबत एक पुरवणी जोडतो: मुलगी उगवलेले रोप उपटून खाली काय आहे ते पाहणारच. तिला रागावू नका; त्या हिशेबाने बी थोडे दाट टाका.

नावे सांगण्याचे म्हणाल, तर चाळीस वर्षांत मला असे दिसले की मुलाने विचारल्यावर सांगितलेले नाव राहते आणि न विचारता सांगितलेले वाऱ्यावर जाते. तुम्ही स्वतःच काही निरखत बसा. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची गेल्या पावसाळ्यातली घरटी असतील, त्यातले एखादे खाली पडलेले मिळाले तर आणून समोर ठेवा. ते नर पक्षी विणतो आणि मादी अर्धवट विणलेले घरटे पाहून पसंत करते, हे तिने "कोणी केले?" असे विचारल्यावर सांगा.

काळीमाती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. शेजारच्या काकांशी बोलणे झाले. जाळीचा निम्मा खर्च आम्ही देणार आहोत आणि दोर व ट्यूब कालच बांधून झाली. प्रतिसर्पविष कुठे मिळते, तेही विचारून घेतले.

मेथी चौथ्या दिवशी वर आली. गुरुजी म्हणाले तसेच झाले, सात रोपे उपटली गेली. परवा वडिलांना तिच्याजवळ बसवले. त्यांनी एक ढेकूळ फोडून माती तळहातावर पसरली आणि काहीच बोलले नाहीत. तिने त्यांच्या हातातली माती बोटाने चाचपली, मग स्वतःच्या हातातली, आणि म्हणाली, "आबा, तुमची कोरडी आहे." कालपासून ती मला घरातून निघताना डब्याची आठवण करून देते, कारण कोपऱ्यातल्या गुळभेंडीवर चिमण्या उतरू लागल्या आहेत.