२३ एप्रिलच्या दिनविशेषात नेमकं काय लिहायचं?

टिपणवही

मंडळी, एक अडचण आहे. हसू नका.

गेली सहा वर्षं मी आमच्या वाचकगटासाठी रोजचा दिनविशेष लिहिते. सकाळी सातच्या आत पाच-सहा ओळी टाकायच्या, एवढंच काम. त्यासाठी एक जाड वही केली आहे, ३६६ पानांची, प्रत्येक तारखेला एक पान. २९ फेब्रुवारीचं पान अजून जवळजवळ कोरं आहे. २३ एप्रिलचं मात्र केव्हाच भरलं. खाली कागदाच्या पट्ट्या चिकटवत गेले, आता ते उलगडलं की गुडघ्यापर्यंत येतं. आणि खाडाखोडही याच पानावर सगळ्यात जास्त.

गेल्या वर्षी मी लिहिलं होतं, ‘आज शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस यांची पुण्यतिथी. दोघेही १६१६ साली एकाच दिवशी गेले.’ सात वाजून चार मिनिटांनी गटातल्या एका कॉलेजकन्यकेचा निरोप आला, ‘काकू, दहा दिवसांचा फरक आहे.’ मी म्हटलं, कसला फरक? दोन्हीकडे २३ एप्रिल १६१६ असंच छापलंय की. तिने नुसता हसरा चेहरा पाठवला. (हे हसरे चेहरे मला शिव्यांपेक्षा जास्त लागतात.)

तेव्हापासून पान तपासायला घेतलंय आणि ते उसवतच चाललंय. संगीतकार प्रोकोफिएव्हचा जन्म एकीकडे २३, दुसरीकडे २७. कादंबरीकार नाबोकोव्हचा एकीकडे २२, दुसरीकडे २३. बरं, जुन्या लोकांचं सोडा. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ, १९ सेकंदांचा, प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा असलेला तो तरुण. ही तर परवापरवाची, २००५ ची गोष्ट. तीसुद्धा कुठे २३ एप्रिल, कुठे २४!

‘या दिवशी घडलं’ असं म्हणायला काही नियम असतो का? की ज्याला जे सापडलं ते त्याने लिहावं?

जुनाट_पंचांग

त्या मुलीचं बरोबर आहे. तुमच्या एका ओळीत दोन चुका बसल्या आहेत, पण खानदानी चुका आहेत, वाईट वाटून घेऊ नका.

स्पेनने पोप ग्रेगरीचं नवं कॅलेंडर १५८२ सालीच घेतलं. त्या वर्षी तिकडे ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस थेट १५ ऑक्टोबर होता. (आविलाची संत तेरेसा नेमकी त्याच रात्री वारली. ४ ला गेली म्हणा की १५ ला, मध्ये एकच रात्र. तिचा सण १५ ला असतो.) इंग्लंड मात्र पोपचं ऐकायला तयार नव्हतं. तिथे हा बदल १७५२ साली झाला, २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर. म्हणजे मधली १७० वर्षं खाडी ओलांडली की तारीख बदलायची. शेक्सपिअर गेला तेव्हा इंग्लंडात २३ एप्रिल असली तरी माद्रिदमध्ये ३ मे उजाडला होता.

दुसरी चूक सर्व्हांतेसची. तो गेला २२ ला. दफन दुसऱ्या दिवशी झालं आणि चर्चच्या वहीत २३ तारीख पडली. तीच पुढे मृत्यूची म्हणून चालत आली.

गंमत अशी की युनेस्कोने १९९५ साली २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक आणि कॉपीराइट दिन ठरवला, तो याच जोडीचा हवाला देऊन. सोबत पेरूत जन्मलेला लेखक इंका गार्सिलासो दे ला वेगा हे तिसरं नाव. स्पेनमध्ये पुस्तकांचा दिवस त्याआधीपासून होता. १९२६ साली सुरू झाला तेव्हा तो ७ ऑक्टोबरला, सर्व्हांतेसच्या जन्माचा मानून. १९३० पासून २३ एप्रिलवर आला. कातालोनियात त्याच दिवशी सेंट जॉर्जचा सण असतो, त्यामुळे तिथे गुलाब आणि पुस्तक हातात हात घालून फिरतात.

जाता जाता, आपण ‘पुण्यतिथी’ म्हणतो आणि लिहितो तारीख. आपल्याच शब्दात हा घोळ मुरलेला आहे.

आगाऊ_कार्टं

२३ तर २३. त्या दोघांपैकी कुणाची तक्रार आली आहे का?

टिपणवही

कार्ट्या, तक्रार त्यांची नाही, सात वाजून चार मिनिटांची आहे.

जुनाट, आभार. सर्व्हांतेसची ओळ लाल शाईने खोडली. आता शेक्सपिअरच्या जन्माचं सांगा. माझ्या पानावर ‘जन्म आणि मृत्यू एकाच तारखेला’ असं दिमाखात लिहिलेलं आहे, भोवती चौकट वगैरे काढून.

जुनाट_पंचांग

चौकट पुसा, पण शाई पुसू नका.

जन्माची नोंद नाही. नोंद आहे ती बाप्तिस्म्याची, २६ एप्रिल १५६४, स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये. २३ हा नंतरच्या लोकांनी मागे मोजून धरलेला दिवस. मात्र त्याच चर्चमधल्या स्मारकावर मृत्यूची तारीख २३ एप्रिल आणि ‘वयाचं ५३वं वर्ष’ असं कोरलेलं आहे. ५३वं चालू म्हणजे ५२ पूर्ण. म्हणजे जन्म २३ ला किंवा त्याआधी झालेला असणार. तेव्हा ‘जन्म २३ ला झाला असं मानतात’ इथवर तुम्ही बिनधास्त जाऊ शकता. ‘मानतात’ हा शब्द गाळू नका, बस्स.

बेसूर

रशियन मंडळींचं मी सांगतो, कारण या पायी मीही एकदा तोंडघशी पडलो आहे.

रशियात जुनं कॅलेंडर १९१८ पर्यंत चाललं. ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी आला. आता नाबोकोव्ह. जन्म जुन्या हिशोबाने १० एप्रिल १८९९. एकोणिसाव्या शतकात दोन कॅलेंडरांत १२ दिवसांचं अंतर होतं, म्हणून नव्याने २२ एप्रिल. पण १९०० हे जुन्या कॅलेंडरात लीप वर्ष होतं, नव्यात नव्हतं. अंतर एक दिवसाने वाढून १३ झालं. त्यामुळे पोरगं एक वर्षाचं व्हायच्या आतच त्याचा १० एप्रिल नव्या २३ वर जाऊन बसला! तो स्वतः पुढे वाढदिवस २३ ला करायचा. शेक्सपिअरचा शेजार मिळतोय म्हटल्यावर कोण सोडेल?

प्रोकोफिएव्हचा प्रकार वेगळा, तिथे कॅलेंडर निर्दोष आहे. तो स्वतःच आयुष्यभर जुन्या हिशोबाने ११ एप्रिल, म्हणजे नव्याने २३ एप्रिल १८९१ धरून चालला. जन्माच्या दाखल्यावर निघाले १५, म्हणजे २७ एप्रिल. म्हणजे ज्याचा वाढदिवस त्यालाच चार दिवसांनी चुकीचा माहीत होता.

बिचाऱ्याचं तारखांशी कधी जमलंच नाही. गेला तो ५ मार्च १९५३ ला. त्याच दिवशी स्टालिन गेला. अख्खं मॉस्को एकाच शोकात बुडालेलं, मग याची बातमी कोण छापणार? टिपणवही, तुमच्या ५ मार्चच्या पानावर तरी त्याला आधी लिहा.

दुर्बीणवाला

कॅलेंडर सुटलं तरी घड्याळ उरतंच.

तुमचा यूट्यूबचा व्हिडिओ चढला तेव्हा कॅलिफोर्नियात २३ एप्रिलचे रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. ग्रिनिचला तेव्हा २४ ची पहाट, आपल्याकडे २४ ची सकाळ. दोन्ही तारखा खऱ्या.

तसंच सोयूझ-१ हे सोव्हिएत यान. अंतराळवीर कोमारोव २३ एप्रिल १९६७ ला मॉस्कोच्या वेळेने पहाटे साडेतीनच्या सुमारास वर गेला. न्यूयॉर्कमध्ये अजून २२ ची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी परतताना पॅराशूट नीट उघडलं नाही. अंतराळ मोहिमेत प्राण गमावलेला तो पहिला माणूस. तुमच्या पानावर ‘२३ एप्रिल : कोमारोवचा मृत्यू’ असं असेल तर ते मॉस्कोच्या घड्याळाने बसत नाही.

टिपणवही

आहे. तसंच लिहिलंय. अगदी तेच शब्द.

मधली_सुट्टी

ताई, मी जुनी दप्तरं हाताळते, तिथला एक साधा नियम सांगते. घटना जिथे घडली, तिथे त्या दिवशी भिंतीवर जी तारीख असेल ती लिहायची. तिला सुधारायला जायचं नाही. १०१४ सालची आयर्लंडमधली क्लॉनटार्फची लढाई सगळे २३ एप्रिल, गुड फ्रायडे अशीच सांगतात. नव्या कॅलेंडराने तो २९ एप्रिल येतो, पण तसं कुणी लिहीत नाही. शेक्सपिअरही २३ लाच राहील, ३ मेला हलवायचा नाही.

फक्त दोन ठिकाणच्या दोन गोष्टी एका वाक्यात जोडून ‘एकाच दिवशी’ म्हणायचं असेल, तेव्हा मात्र दोन्ही एका कॅलेंडरात आणायच्या. तुमचं चुकलं ते तारखेत नाही, ‘एकाच’ या शब्दात.

आणि प्रत्येक तारखेला विचारायचं, ही कशाची आहे? घडल्याची, दफनाची, नोंदीची की जाहीर झाल्याची? सर्व्हांतेसची दफनाची निघाली ना?

सण मात्र या नियमात बसत नाहीत. सेंट जॉर्जचा दिवस इंग्लंडात २३ एप्रिलला, सर्बियात ६ मेला. तिथल्या चर्चच्या मते तोही २३ एप्रिलच आहे, जुना!

जुनाट_पंचांग

मधली_सुट्टी यांच्याशी सहमत. एक जोड देतो. तुर्कस्तानची राष्ट्रीय सभा अंकाऱ्यात २३ एप्रिल १९२० ला भरली. तो दिवस तिथे राष्ट्रीय सार्वभौमत्व दिन आणि बालदिन म्हणून पाळतात. त्यांच्या सरकारी कॅलेंडरात तेव्हा वर्ष १३३६ होतं. पण १९१७ साली त्यांनी दिवसांचा फरक काढून टाकला होता, त्यामुळे तारीख तिथेही २३ च. वर्ष वेगळं, दिवस तोच. असे सज्जन लोकही असतात.

टिपणवही

काल रात्री वही घेऊन बसले आणि मधली_सुट्टी यांचा नियम लावत पान वरून खाली तपासलं. वर्ड्सवर्थ (१८५०) आणि सत्यजित राय (१९९२) यांचे मृत्यू आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म (१८७३), या तिघांना धक्का लागला नाही. बाकी बऱ्याच ओळींना पेन्सिलीने खुणा झाल्या.

आणि मग एक गोष्ट दिसली. सहा वर्षं माझ्याच अक्षरात, माझ्याच पानावर आहे आणि मला दिसली नव्हती, कारण तिन्ही ओळी वेगवेगळ्या पट्ट्यांवर होत्या. एक पट्टी विज्ञानाची, एक समाजसुधारकांची, एक लढायांची.

माक्स प्लांक, जन्म २३ एप्रिल १८५८, कील.
पंडिता रमाबाई, जन्म २३ एप्रिल १८५८, गंगामूळच्या रानात.
कुंवरसिंह, जगदीशपूरजवळचा विजय, २३ एप्रिल १८५८.

वर्षही तेच! आणि तिन्ही ठिकाणी नवंच कॅलेंडर, दहा दिवसांची भानगड नाही. तिकडे बिहारात सत्तावनच्या उठावातला ऐंशीच्या घरातला जखमी कुंवरसिंह कंपनीच्या फौजेला हरवतोय. तीन दिवसांनी, २६ ला, तो गेलाही. आणि त्याच दिवशी एका रानात अशी मुलगी जन्मते जिला वडील आणि आई संस्कृत शिकवणार आहेत, अन् कीलमध्ये असा मुलगा जो १९०० साली ऊर्जा तुकड्यातुकड्यांनी येते असं मांडणार आहे. शेक्सपिअर-सर्व्हांतेसची जोडी गेली त्याचं दुःख तिथल्या तिथे संपलं.

मधली_सुट्टी, इथे तरी ‘एकाच’ लिहू ना?

मधली_सुट्टी

लिहा. जाड अक्षरात लिहा.

दुर्बीणवाला

हरकत नाही, पण १८५८ साली प्रमाणवेळ नव्हती. जगाची वेळ ग्रिनिचवरून मोजायचं ठरलं ते १८८४ च्या वॉशिंग्टनच्या परिषदेत. तोवर ज्या त्या गावाची दुपार वेगळी.

आगाऊ_कार्टं

याला कुणीतरी चहा पाजा आणि झोपवा.

टिपणवही

दुर्बीणवाला, तीन गावांची दुपार वेगळी असेल, २३ तारीख तिन्हीकडे होती. तेवढ्यावर मी समाधानी आहे.

तर यंदाचा मजकूर असा. पहिल्या ओळीत १८५८ चे तिघे. दुसरीत ‘शेक्सपिअर गेला (इंग्लंडच्या तेव्हाच्या तारखेने), जन्मही याच दिवसाचा मानतात’. तिसरीत पुस्तक दिन, चौथीत तुर्कस्तान. सर्व्हांतेसला २२ च्या पानावर नेलं. नाबोकोव्ह तिथे आधीच होता, आता दोघे शेजारी. प्रोकोफिएव्ह २७ वर. (दोघा रशियनांना नव्याच हिशोबाने ठेवलं, नियमाला तेवढा अपवाद.) यूट्यूब २३ लाच ठेवलं, व्हिडिओ चढवणाऱ्याच्या भिंतीवर २३ होती म्हणून.

कोमारोव तेवढा दोन पानांवर आहे. २३ ला ‘उड्डाण’ लिहिलं आणि पुढे बाण काढला. बाण २४ च्या पानावर जातो.