मदत हवी आहे : स्पर्लोंगाचे जुने गाव आणि तिबेरियसची गुहा
रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान समुद्रकाठी वसलेल्या स्पर्लोंगा येथे आम्ही सप्टेंबरमध्ये तीन दिवस राहणार असून, सोबत सत्तरी ओलांडलेली आई असल्याने टेकडीवरच्या जुन्या वस्तीतील अरुंद पायऱ्यांची धास्ती वाटते. १९५७ मध्ये सम्राट तिबेरियसच्या गुहेत सापडलेली ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस व एकाक्ष राक्षस पॉलिफेमस यांची शिल्पे पाहण्यासाठीच (आईच्या भाषेत, ‘फुटक्या मूर्तींसाठी’) हा खटाटोप आहे. तेथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे : पुळणीवरून गुहेपर्यंतची चाल आईला झेपेल का, जुन्या वस्तीत कमी चढाचा रस्ता कोणता, आणि त्याच महाकाव्यातील सर्सी या मायाविनीचे निवासस्थान मानला जाणारा चिर्चेओचा डोंगर स्वतःची गाडी नसताना एका दिवसात पाहून परतता येईल का?